लेकीसाठी जुना ऑर्गन शोधताना

५ नोव्हेंबर २०२३, रविवार. मराठी रंगभूमी दिनानिमित्त लेकीच्या पेटीच्या क्लासचा नाट्यपदांचा कार्यक्रम होता. सरांनी त्या दिवसापुरता कुठूनसा एक ऑर्गन भाड्याने आणला होता. कार्यक्रम संपला, आम्ही पालक सतरंज्या गुंडाळायला लागलो, तर अकरा वर्षांची आमची बाई ऑर्गनपुढे बसलेली. पाय पुरत नव्हते म्हणून स्टुलाच्या अगदी कडेवर घसरलेली. एकच पट्टी दाबून धरायची, पाय थांबवायचे आणि सूर विझेपर्यंत कान लावून ऐकायचं, असं चाललं होतं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, त्याला दोन्ही हात मोकळे राहतात."

तिथून पुढे ऑर्गन घरात येऊन धड वाजायला लागेपर्यंत आठ महिने गेले. त्या काळात ज्याला त्याला विचारलं, तर उत्तर एकच मिळायचं: "ओळखीतून मिळेल." ओळख नसली तर काय करायचं आणि मिळालेला ऑर्गन बरा की वाईट हे कसं ओळखायचं, ते कुणी सांगेना. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी अकाउंट्सचं काम करते. हिशेब कळतो, सूर कळत नाही. त्यामुळे यातलं शहाणपण बहुतेक सरांचं आणि कारागीरकाकांचं आहे, चुका माझ्या.

आधी वाटलं, घरात कॅसिओ आहे, त्यात ऑर्गनचा आवाज निघतो, काम भागेल. सर म्हणाले, "आवाज निघेल, पण पाय शिकणार नाहीत." ऑर्गनवर पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, सूर तेवढाच लागतो. त्याचा जोर पायांत आणि गुडघ्यात असतो. दोन पॅडल आलटून पालटून मारायची, आणि उजव्या गुडघ्याजवळची पट्टी बाहेर ढकलली की आवाज उघडतो. गायक मींड घेत असताना पाय दचकले तर सूरही दचकतो. शिवाय स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलायची सोय, नाही. गायकाची काळी एक असो वा पांढरी चार, त्या पट्टीतून वाजवायला बोटांनीच शिकायचं.

सरांची एक अट होती, ऑर्गन अमेरिकन पद्धतीचाच हवा. फरक त्यांनी दोन शब्दांत सांगितला: पेटी फुंकते, ऑर्गन ओढतो. पेटीत भात्याची हवा सुरांतून, म्हणजे आतल्या पितळी पात्यांतून, बाहेर पडते. अमेरिकन ऑर्गनचा भाता हवा आत खेचतो, म्हणून आवाज गोल आणि मऊ येतो. जुन्या लोकांच्या तोंडी 'पायपेटी' हा शब्द दोन्हींसाठी असतो, त्यामुळे फोनवरच "फुंकणारी की ओढणारी?" असं विचारून घ्यावं. असे ऑर्गन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि कॅनडात ढिगाने बनले. व्हरमाँटचे एस्टी, बोस्टनचे मेसन अँड हॅमलिन, ऑन्टारिओतले बेल ही नावं पट्ट्यांच्या वरच्या फळीवर अजून वाचायला मिळतात. आपल्याकडे ते चर्चमध्ये आले, हौशी घरांत आले आणि संगीत नाटक कंपन्यांत तर ठाणच मांडून बसले. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांमागे थिरकवाँसाहेबांचा तबला आणि सोबतीला ऑर्गन, हे वर्णन सरांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

पहिला ऑर्गन पुण्यातच, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडला. डिसेंबरचा दुसरा आठवडा. वर आरसा, कोरीव महिरप, ताजं पॉलिश, आवाज उघडायला ओढायच्या अकरा खुंट्या. किंमत पंचावन्न हजार. "ताई, पट्ट्या ओरिजिनल हस्तिदंती आहेत," दुकानदार म्हणाला. लेक एव्हाना पट्ट्यांवरून बोट फिरवत होती. आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे असंही कळलं, आणि मी दोन हजार टोकन देऊन मोकळी झाले. सरांना फोन नंतर केला. खरं तर उलटं करायचं होतं.

रविवारी सर आले. वाजवायच्या आधी सगळ्या खुंट्या आत ढकलल्या आणि पॅडल मारायला लागले. सगळं बंद असताना आत हवा यायला वाट नसते, त्यामुळे आठदहा वेळा मारल्यावर पॅडल जड व्हायला हवं. इथे ते शेवटपर्यंत हलकंच राहिलं, पंक्चर झालेल्या चाकात हवा भरावी तसं. मग एकेक खुंटी ओढून पाहिली. खुंट्या अकरा, पण आत सुरांचे संच दोनच. बाकीच्या खुंट्या तेच सूर जरा कमी, जरा जास्त उघडायच्या आणि दोन तर कशालाच जोडलेल्या नव्हत्या. त्या काळीसुद्धा गिऱ्हाइकावर छाप पाडायला खुंट्या वाढवायचे म्हणे. हस्तिदंताचं ऐकून सर गंभीर झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी, आणि वस्तू जुनी आहे एवढं तोंडी सांगून भागत नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं. हस्तिदंती पट्टीवर बारीक रेषा दिसतात, आणि पुढचा रुंद भाग व मागचा अरुंद भाग असे दोन तुकडे जोडलेले असतात, त्याचा सांधा दिसतो. इथे एकसंध, गुळगुळीत तुकडा होता. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या पद्धतीचं प्लॅस्टिक. (कुणी सुई तापवून टोचून बघायला सांगितलं तर ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.) दुकानदार हसला, "अहो, तसं म्हणायची पद्धत आहे." टोकन परत मिळालं नाही. दोन हजार अक्कलखाती जमा.

दुसऱ्या ऑर्गनचं मला अजून वाईट वाटतं. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, मैत्रिणीच्या ओळखीने मडगावजवळच्या एका जुन्या घरी गेलो. घरात एकट्या आजी. त्यांच्या सासूबाई ऑर्गनवर प्रार्थना वाजवायच्या. आजींनी किंमत सांगितली पंधरा हजार, वर चहाबरोबर बेबिंका. लाकूड शाबूत, भाता घट्ट, पॅडल दगडासारखं जड. आवाज तर असा, की लेकीने पहिला सा लावला तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या.

मी सरांनी शिकवल्याप्रमाणे फोनवर ट्यूनर लावला. फुकट मिळणारं कुठलंही ॲप चालतं. पांढरी सहा धरायची आणि आकडा (सेकंदाला किती कंपनं) बघायचा, ४४० च्या आसपास हवा. इथे ४५२. मला वाटलं फोन बिघडला. वेगवेगळ्या सप्तकांतल्या पांढऱ्या-काळ्या तपासल्या, सगळ्या सारख्याच चढलेल्या. सरांना फोन लावला, ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "विलायतेत एकेकाळी असा चढा सूर धरायचे. ऑर्गन नीट आहे, फक्त आपल्या कामाचा नाही." तो दोन पट्ट्यांच्या जवळजवळ मधोमध बसला होता, त्यामुळे शेजारची पट्टी धरूनही उपयोग नव्हता. तबला चढवता येतो, तंबोरा जुळवता येतो, पण क्लासमधल्या बाकीच्या पेट्यांचं काय करणार? सूर उतरवता येतील का, असं विचारलं. रीड म्हणजे सूर देणारी पितळी पात. तिचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एखाददुसरा सूर थोडासा उतरवणं वेगळं. इथे प्रत्येक रीड मुळाशी इतकी घासायची म्हणजे ती कमजोर करायची. "एवढ्या चांगल्या वाद्याचे हाल नका करू."

लेक परतीच्या बसमध्ये रडली. मीही थोडी. आजींना पंधरा दिवसांनी फोन केला, तेव्हा एका चर्चच्या गायकवृंदाने ऑर्गन नेला होता. तेवढं बरं वाटलं.

फेब्रुवारीत काहीच घडलं नाही. तीन फोटो आले, त्यांतल्या दोन फुंकणाऱ्या निघाल्या, तिसऱ्यात वाळवी फोटोतच दिसत होती.

मार्चच्या सुरुवातीला सांगलीहून निरोप आला. नाट्यपंढरीच ती, तिथे ऑर्गन असणार हे आधीच सुचायला हवं होतं. ३ मार्चला गेलो. वाड्याच्या माडीवर, चादरीखाली. घरमालक काकांचे वडील हौशी नाटकांना साथ करायचे, ते गेल्यापासून उघडलेला नव्हता. सरांच्या ओळखीचे एक कारागीर मिरजेहून मुद्दाम आले होते, त्यांचे येण्याचे हजार रुपये. संपूर्ण खरेदीत हे हजार रुपये सगळ्यात चांगले खर्च झाले, कारण पुढचा दीड तास मी जे पाहिलं ते मला एकटीला सात जन्मांत जमलं नसतं.

कारागीरकाकांनी आधी मागची फळी काढायला लावली. आत टॉर्च मारला, तर उंदराचं घरटं, गोधडीचा कापूस आणि शेंगांची टरफलं. "हे चालतं," कारागीरकाका म्हणाले. "भाता कुठं कुरतडलाय ते बघायचं." त्यांनी उदबत्ती पेटवली, एका हाताने ती भात्याच्या घडीपासून वीतभर लांब धरली आणि लेकीला म्हणाले, "बाळ, मार पाय." धूर सरळ वर जात होता. उदबत्ती कोपऱ्यापाशी सरकली आणि धुराची रेघ वाकून आडवी झाली, जणू आतून कुणी झुरका घेतला. तिथे खडूने फुली. अशा पाच फुल्या झाल्या. मग पॅडल थांबवून मोजायला सांगितलं. नऊ म्हणेपर्यंत भाता सैल पडला. वीस तरी हवेत. कापड गेलेलं आहे, पण लाकूड आणि झडपांचं चामडं ठीक.

मग पट्ट्या. एकसष्ट पट्ट्या, पहिल्या पांढऱ्या चारपासून शेवटच्या पांढऱ्या चारपर्यंत, एकेक खुंटी उघडून दोनदा. मी वहीत लिहीत होते: मुके तीन, घोगरे सात, एक पट्टी सोडली तरी गातच राहायची. काकांनी बारीक आकड्याने एक मुकी रीड ओढून बाहेर काढली, बोटाच्या पेराएवढी पितळी चौकट. तिच्यात धुळीची गाठ अडकली होती. मऊ ब्रशने झाडली, परत सरकवली, आणि सूर बोलला. लेकीने टाळी वाजवली. गातच राहणाऱ्या पट्टीखाली काय होतं? झडपेत अडकलेला तांदळाचा दाणा.

पांढरी सहा ४३९ च्या आत-बाहेर, आणि बाकीचे बहुतेक सूर त्याच अंगाने किंचित उतरलेले. सगळे सारखे उतरलेले असतील तर काळजी नाही, वेडेवाकडे असतील तर खर्च. काकांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मी आता सगळ्यांना सांगते: "मागं कधी दुरुस्तीला फेव्हिकॉल लावलाय का?" जुन्या वाद्यांना सरस नावाचा गोंद असतो. गरम केला की सुटतो, मग भाता उकलता येतो. फेव्हिकॉल लावलेलं सोडवताना लाकूडच सोलून निघतं. इथे सुदैवाने कुणी हातच लावला नव्हता.

मागितले पंचेचाळीस, ठरले अडतीस हजार. आणि मग कागद सुरू झाले.

ऑर्गन वडिलांचा, म्हणजे तिन्ही भावंडांचा. एक भाऊ नाशिकला, बहीण हुबळीला. मी म्हटलं, तिघांची संमती लेखी द्या, उद्या कुणी "आमच्या आबांचा ऑर्गन" म्हणत दारात यायला नको. घरमालक काका जरा दुखावले, "आमच्यात तसलं काय नाही हो." पण दिली. नाशिकची आठवड्यात आली. हुबळीच्या आक्का व्हॉट्सॲपवर सही पाठवायला तयार नव्हत्या, त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून पोस्टाने धाडलं. त्यात संमतीची ओळ एकच, बाकी दीड पानभर ऑर्गन कुठल्या भिंतीला ठेवू नये याच्या सूचना. त्या सगळ्या बरोबर निघाल्या. एप्रिल उजाडला होता.

दरम्यान १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. रोख रक्कम पन्नास हजारांवर असली तर नाक्यावर कागद दाखवावे लागतात. आमची रक्कम कमी असली तरी रोखीच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं आणि तिघांच्या खात्यांवर वेगवेगळं पाठवलं: १२,६६७, १२,६६७ आणि १२,६६६. रुपया कुणाला कमी द्यायचा यावर घरमालक काकांनी स्वतःहून माघार घेतली. पावती पाच हजारांच्या वरची, म्हणजे प्रत्येकी एक रुपयाचं महसुली तिकीट. तीन रुपयांची तिकिटं, आणि त्यासाठी तीन पोस्ट ऑफिसं. पहिल्या दोन ठिकाणी स्टॉक संपलेला. घरात चारदोन तिकिटं आणून ठेवा, अडतात तेव्हा फार अडतात.

इकडे सोसायटी. सामान चढवायला सेक्रेटरींकडे अर्ज, दोन प्रतींत, दोन हजार डिपॉझिट, वेळ दहा ते एक. ऑर्गन चार फूट रुंद, लिफ्टचं दार पावणेतीन फूट. उभा करून घुसवू म्हणाले हमाल, पण कारागीरकाकांनी सक्त बजावलं होतं की ऑर्गन आडवा-उभा करायचा नाही. वर्षानुवर्षांची धूळ सुरांत उतरते. म्हणजे जिना, तिसरा मजला.

२० एप्रिल, शनिवार. पॅडल सुतळीने बांधली, पट्ट्यांवर घडी केलेला पलंगपोस, आरशाची महिरप काढून वेगळी. टेम्पोवाल्याने पहिलाच प्रश्न केला, "बिल?" घरगुती वापरलेली वस्तू आहे, असं पावतीच्या झेरॉक्सवर लिहून सोबत दिलं. आम्ही मागून गाडीने. वाटेत निवडणुकीच्या तपासणी पथकाने टेम्पो थांबवला. ताडपत्री उघडली, एकाने कॅमेरा चालू केला, दुसऱ्याने चादर वर केली आणि विचारलं, "कपाट का?" लेकीने खिडकीतून मान काढून सांगितलं, "ऑर्गन." त्यांना ते काही उलगडलं नाही. पावती पाहिली, फळीवर टकटक केलं आणि सोडलं. दहा मिनिटं.

चार हमालांनी तीन मजले चढवायला पाऊण तास घेतला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्याचा कठडा घासला, डिपॉझिटमधून चारशे रुपये कापले गेले.

भाता बदलायचं काम कारागीरकाकांनी २ मेपासून घेतलं. तीन आठवडे म्हणाले होते, नऊ लागले. त्यांची तब्येत बिघडली, मग रबरी कापड हवं तसं मिळेना. त्या काळात हॉलमध्ये सरसाचा वास आणि टेबलावर अंड्यांचे ट्रे, प्रत्येक खळग्यात एक रीड, शेजारी पेन्सिलने आकडा. दोन संच, एकशे बावीस रीड. त्यांनी काढायच्या आधी लेकीला फोनवर फोटो काढून ठेवायला लावले होते, ते बरं झालं, कारण मोलकरीण मावशींनी एकदा सद्भावनेने दोन ट्रे एकावर एक रचून ठेवले. सात जुलैला शेवटचा स्क्रू बसला. पॅडल मारून थांबवलं आणि आम्ही तिघांनी मोजलं, एकतीस.

एकूण हिशेब मागणाऱ्यांसाठी: ऑर्गन ३८,०००, कारागिराची भेट १,०००, टेम्पो ९,५००, हमाल २,४००, दुरुस्ती २४,५००, कठडा ४००, तिकिटं ३. त्यात टोकनचे दोन हजार धरले की ७७,८०३. गोव्याचा खर्च सहलीत धरलाय, नाहीतर नवऱ्याला उत्तर द्यावं लागेल. दुरुस्ती किमतीच्या निम्म्याहून जास्त झाली, हे सौदा करतानाच गृहीत धरलेलं बरं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात शेवटपर्यंत आली नव्हती. ऑर्गन मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लेक मागे बसली तर पाय पुरेनात, पुढे सरकली तर गुडघा पट्टीच्या आत अडकायचा. सांगलीत दहा मिनिटं उत्साहात मारले होते पाय, पण रोज अर्धा तास म्हणजे वेगळं. सुताराकडून नऊशे रुपयांत उतरत्या बैठकीचं स्टूल आणि पॅडलवर बांधायच्या दोन पाचरी करून घेतल्या. (हे वरच्या बेरजेत नाहीत, ७८,७०३ म्हणा.) पहिले पंधरा दिवस सरांनी फक्त सा धरायला लावला. पाय चालू, हात स्थिर. पोटऱ्या दुखायच्या, रात्री तेल लावून द्यायचे मी.

आक्कांच्या सूचनेप्रमाणे ऑर्गन आतल्या भिंतीला, भिंतीपासून वीतभर सुटा. मागे उंदरांसाठी जाळी. ऑगस्टच्या झडीत काळी तीन फुगून अडकली, मी घाबरून फोन केला, तर कारागीरकाका म्हणाले, "हात लावू नका, ऊन पडलं की उतरेल." उतरली.

शेवटची पांढरी चार मात्र एका संचात अजून मुकी आहे. तिची एक रीड उंदराच्या काळातच मोडली होती आणि त्या मापाची जुनी रीड काकांना अजून मिळालेली नाही. एवढ्या वर कुठलंच पद जात नाही, त्यामुळे अडत काही नाही. पण रियाझ संपवून झाकण लावण्याआधी लेक रोज ती पट्टी एकदा दाबून बघते.